विंचवाचं बिऱ्हाड कुणाच्या पाठीवर?

"तुमची बदली झाली का हो इकडे?" विरारला राहायला आले त्याच आठवड्यात शेजारच्या वहिनींनी विचारलं.

"नाही, नवऱ्याची झाली."

"मग तुमची नोकरी?"

"सोडली."

"बरं केलंत. मुलगी लहान आहे अजून."

एवढ्यात निकाल लागला. वहिनींना मी दोष देत नाही. पुढं वर्षभर त्यांच्याच घरी मुलीला ठेवून मी मुलाखतींना गेले. पण त्या 'बरं केलंत'मध्ये जे गृहीत धरलेलं आहे त्याच्याशी माझं भांडण आहे, आणि ते याच पानांवर भांडायला हवं, कारण आपल्या चळवळीतही हे गृहीत मुकाट चालतं. घर एका शहरातून दुसऱ्या शहरात गेलं की 'कुटुंब हललं' असं आपण म्हणतो. प्रत्यक्षात एका माणसाची नोकरी हलते आणि बाकीचं सगळं एक बाई हलवते. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, ही म्हण ज्यानं केली त्याला पाठ कुणाची हे विचारायचं सुचलेलं दिसत नाही.

मी नागपूरची. २०१० साली एम.एस.डब्ल्यू. झाले आणि आठ वर्षं एका कुटुंब सल्ला केंद्रात काम केलं. २०१८च्या जूनमध्ये नवऱ्याला कंपनीनं मुंबईला पाठवलं. पगार वाढला, पण मुंबईत भाड्यानं राहता येईल इतका नाही, म्हणून विरार. निर्णय आम्ही 'दोघांनी मिळून' घेतला. म्हणजे असं, की मी चार रात्री झोपले नाही आणि पाचव्या दिवशी राजीनामा लिहिला. त्याला कुणी राजीनामा मागितला नव्हता, त्यामुळं त्याच्या झोपेचा प्रश्न आला नाही. माझा नवरा चांगला आहे, हे इथं लिहून टाकते, कारण लेख वाचून पहिला प्रश्न तोच येतो. नवरा चांगला असूनही हे असंच होतं, म्हणून तर लिहायचं.

केंद्रातली आठ वर्षं म्हणजे काय होतं? कोणत्या ठाण्यात कोणती महिला हवालदार तक्रार नीट लिहून घेते, मेडिकलमध्ये रात्रपाळीला कोणती सिस्टर असली की बाईला धीर मिळतो, इंदोऱ्यातल्या कोणत्या आजीला निरोप धाडला की तासाभरात वीस बाया जमतात. हे अनुभवाच्या दाखल्यावर येत नाही. तिथं फक्त '८ वर्षे' येतं. मुंबईतल्या पहिल्याच मुलाखतीत विचारलं, "इथल्या वस्त्या माहीत आहेत का?" नव्हत्या. चौदा महिन्यांनी नोकरी मिळाली ती, नागपुरात माझ्या हाताखाली शिकायला येणाऱ्या मुलींच्या पदाची. आणि वर "तुम्ही काय करून राहिल्या मॅडम" अशी माझ्या बोलण्याची हसत-हसत नक्कल. ती मी फार मनाला लावून घेतली नाही. पगार मात्र लावून घेतला.

माझ्या एकटीचं रडगाणं असतं तर लिहिलं नसतं. केंद्र सरकारच्या श्रमबल सर्वेक्षणात २०२०-२१ साली स्थलांतराचे प्रश्न विचारले होते. देशातल्या बायकांपैकी ४७.९ टक्के स्थलांतरित निघाल्या, पुरुषांपैकी १०.७ टक्के. म्हणजे या देशात आपली जागा सोडून दुसरीकडं जाणारं माणूस ही बहुतेक वेळा बाई असते. पण 'स्थलांतरित' म्हटलं की तुमच्या-माझ्या डोळ्यांपुढं कोण उभं राहतं? पत्र्याची पेटी घेतलेला पुरुष. बायकांच्या कारणांत एकट्या लग्नाचा वाटा ८६.८ टक्के, आणि आईवडील किंवा घरातला कमावता माणूस हलला म्हणून हललेल्या ७.३ टक्के. कामासाठी, शिक्षणासाठी स्वतःहून निघालेल्या उरलेल्या चिमूटभरात आल्या. लग्न होऊन गाव सोडण्याला आपण स्थलांतर म्हणत नाही, 'नांदायला गेली' म्हणतो. नवऱ्याच्या बदलीमागे गाव सोडणाऱ्या बाईला तर शब्दच नाही. ती 'सोबत' असते.

आणि मग तिच्यासाठी एक शब्द राखून ठेवलेला आहे : ॲडजस्ट. विरार लोकलमध्ये तिघींच्या बाकावर चौथी टेकते तेव्हा म्हणते, "थोडं ॲडजस्ट करा." नोकरी, माणसं, भाषा, रस्ते सगळं सोडून आलेल्या बाईलाही लोक हेच म्हणतात. चौथ्या सीटला आणि अख्ख्या आयुष्याला एकच शब्द पुरतो.

इथं मला माझी स्वतःचीही झडती घेतली पाहिजे. नागपुरात समोर बसलेल्या किती मुलींना मी सांगितलं असेल, "नवीन शहर आहे, सहा महिने द्या स्वतःला." सल्ला वाईट नव्हता. पण नवऱ्याला बोलावून "हिचं जे मागं राहिलं त्याचं काय करणार आहात?" असं विचारल्याचं मला आठवत नाही. आमच्या नोंदवहीत 'जुळवून घेण्याची तयारी' असा रकाना होता. तो बायकोच्या बाजूला भरायचो. नवऱ्याच्या बाजूला तो रकानाच नव्हता, आणि आठ वर्षांत माझ्या ते लक्षात आलं नाही.

नालासोपाऱ्याच्या पूर्वेला चाळींची दाटी आहे. तिथं मी हल्ली आठवड्यातून दोन दिवस जाते. तिथं शोभा भेटली (नाव अर्थातच बदललं आहे). यवतमाळ जिल्ह्यातली, गावात आशा म्हणून काम केलेली. आशाची निवड कशी करायची याचे नियम २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात ठरले. आपण सगळ्यांनी ते एकदा वाचावेत. बाई त्याच गावची रहिवासी हवी आणि विवाहित, विधवा किंवा घटस्फोटित हवी. अविवाहित मुलगी शक्यतो नको, कारण ती लग्न होऊन जाणार. सून चालेल, कारण सून गावात राहणार. बाईचा ठावठिकाणा तिच्या लग्नावरून ठरतो हे सरकारनं इतक्या सरळपणे दुसरीकडं कुठं लिहिलं असेल असं वाटत नाही. शोभाची निवड सून म्हणून झाली. गावातल्या हजारभर माणसांत कोण गरोदर, कुणाच्या बाळाचा डोस राहिला, तिला तोंडपाठ. मग नवऱ्याला वसईच्या एका गाळ्यात काम मिळालं आणि सरकारचा हिशेब चुकला. आशा ही नोकरदार नाही, मोबदल्यावर काम करणारी स्वयंसेविका आहे. स्वयंसेविकेला बदली नसते. रजिस्टर दुसरीच्या हातात देऊन ती दहा बाय बाराच्या खोलीत आली.

दोन वर्षांत ती हायवे ओलांडून गेली नव्हती. स्टेशन कुठल्या दिशेला आहे हे सांगता येत नव्हतं. नवरा बारा तास गाळ्यात आणि आल्यावर मारायचा. गावात त्याचा हात उठला असता तर संध्याकाळपर्यंत पाच घरांत कळलं असतं. इथं भिंतीला भिंत लागून आहे, पण भिंतीपलीकडचं बिऱ्हाड अकरा महिन्यांनी बदलतं. ती मला म्हणाली, "ताई, गावात मी बायाले दवाखान्यात नेत होती. इथं मले माहाच दवाखाना मालूम नाही."

हे वाक्य त्या रकान्यात कसं भरायचं, सांगा.

आता उपनगराकडं येऊ. मी ज्या इमारतीत राहते तिथं इमारत आधी आली आणि पाणी मागून येतंय. वसई-विरार महानगरपालिका २००९ साली झाली. तेव्हापासून आजवर इथली बाई टँकरच्या भोंग्याला कान लावून आहे. टँकर आला की टाकी भरेपर्यंत खाली कुणीतरी उभं राहावं लागतं, नाहीतर पाइप दुसऱ्या विंगला जातो. ते 'कुणीतरी' नेहमी बाई असते. टँकर कधी मागवायचा, पैसे कसे वाटायचे हे ठरवायला सोसायटीची सभा रविवारी सकाळी अकराला भरते. सभेला सभासद बसतात, आणि करारपत्रं बहुतेक पुरुषांच्या नावावर. त्याच वेळी बायका वर पाणी भरत असतात. मी भाडेकरू, मला बोलायचा अधिकारच नाही. तरी एकदा गेले. "मिस्टर आले नाहीत का?" एवढंच विचारलं गेलं.

या उपनगरांची आखणीच अशी गृहीत धरून झालेली आहे की पुरुष सकाळी गाडीनं जाईल, रात्री झोपायला येईल आणि मधले बारा तास एक बाई तिथं असेल. सिलिंडर घ्यायला, शाळेच्या रिक्षापाशी थांबायला, वीज गेली तर फोन करायला, सासूबाईंना डॉक्टरकडं न्यायला. २०२४च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायकांची त्या कामाची रोजची सरासरी २८९ मिनिटं निघाली, पुरुषांची ८८. त्यात विरार ते चर्चगेट ही साठ किलोमीटरची गाडी आलेली नाही. ती वेगळी धरायची. बिल्डरच्या जाहिरातीत 'स्टेशनपासून दहा मिनिटं' असतं. ती दहा मिनिटं दुचाकीवर असलेल्या, हातात पिशवी नसलेल्या माणसाची असतात.

दुचाकीवरून आठवलं. नागपुरात बाईचं स्वातंत्र्य दोन चाकांवर आहे. उन्हाळ्यात तोंडाला ओढणी गुंडाळून, हातमोजे घालून मुली स्कूटीवरून गावभर फिरतात, आणि कुणी वळून बघत नाही. माझी गाडी मी ट्रकमध्ये चढवून विरारला आणली. एम.एच. ३१चा नंबर. ती आता नवरा स्टेशनला नेतो, कारण त्याला सातची गाडी पकडायची असते आणि मला साडेआठची. मी शेअर रिक्षानं जाते. हे कुणी ठरवलं नाही. झालं. अशा 'झालं'ची यादी केली तर पूर्ण अंक भरेल.

कायदे होतात तेही एका जागी बसलेल्या माणसाला डोळ्यांपुढं ठेवून. २०१७ साली मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती झाली आणि पन्नास किंवा जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघर सक्तीचं झालं. चांगलंच झालं. पण आमच्या संस्थेत माणसं अकरा. आणि पन्नास असती तरी तीन वर्षांच्या पोरीला कडेवर घेऊन सकाळी साडेआठच्या विरार लोकलमध्ये कोण चढेल? पाळणाघर घराजवळ हवं की कामाजवळ, हा प्रश्न उपनगरातल्या बाईला विचारला असता तर उत्तर लगेच मिळालं असतं. आमच्याकडच्या पाळणाघराच्या काकू साडेसातला कुलूप लावतात. गाडी वीस मिनिटं लेट झाली की मी नालासोपाऱ्यापासून फोनवर माफी मागत येते. नवऱ्यानं त्या काकूंची कधी माफी मागितलेली नाही. त्याच्याकडे त्यांचा नंबरच नव्हता.

पश्चिम रेल्वेनं ५ मे १९९२ला चर्चगेट ते बोरिवली पहिली लेडीज स्पेशल सोडली आणि पुढच्या वर्षी ती विरारपर्यंत आली. त्या गाडीचं मोल मला ठाऊक आहे. डब्यात मला मैत्रिणी मिळाल्या, डोहाळजेवणं झाली, एकीचा घटस्फोट तर आम्ही अक्षरशः भाईंदरच्या खाडीवरून जाताना ठरवला. पण लोकलमध्ये मटार सोलणाऱ्या बायकांचे फोटो छापून 'मुंबईचं स्पिरिट' म्हणून जे कौतुक चालतं ते थांबवा. ती बाई रात्रीच्या स्वयंपाकाची पाळी गाडीतच सुरू करते, कारण घरी पोचल्यावर वेळ उरणार नसतो. शेजारच्या जनरल डब्यात मटार सोलणारा पुरुष मला सात वर्षांत दिसलेला नाही.

'पण शहर बाईला मोकळं करतं,' असं म्हणणाऱ्या मैत्रिणी आहेत, आणि त्यांचं म्हणणं मी टाकून देत नाही. गावकुसाबाहेरच्या बाईला शहरानं जे दिलं ते गावानं कधीच दिलं नसतं. इथं पाणवठा नाही, तुला कोण ओळखतो हा प्रश्न नाही. नोकरी करणाऱ्या एकट्या मुलीला रात्री दहाला घरी येता येतं, हेही खरं. फक्त ते पूर्ण खरं नाही. खोली बघायला गेलो तेव्हा तीन ठिकाणी एजंटनं आधी आडनाव विचारलं, मग "नॉनव्हेज चालत नाही हं" म्हणून सांगितलं. सावजी रश्शाच्या गावच्या बाईला! शहर जात विसरतं म्हणतात. ते ती भाडेकराराच्या वेळी आठवतं. आणि जी मोकळीक मिळते ती, ज्या बाईच्या हातात स्वतःची कमाई आणि पासचे पैसे आहेत, तिला मिळते. शोभाच्या हातात दोन्ही नव्हतं.

कायद्याच्या बाजूनंही थोडं. १८८७ साली मुंबईच्या न्यायालयानं रखमाबाईंना सांगितलं, नवऱ्याच्या घरी जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. त्यांनी तुरुंग पत्करते म्हटलं. त्या काळाची गोष्ट म्हणून सोडून देऊ नका. हिंदू विवाह कायद्याचं कलम ९, म्हणजे नांदायला येण्याचा दावा, अजून पुस्तकात आहे. १९८३ साली आंध्र उच्च न्यायालयानं ते घटनाबाह्य ठरवलं होतं. पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयानं ते वैध ठरवलं. पण मला जास्त आठवतो तो १९७८चा दिल्ली उच्च न्यायालयाचा स्वराज गर्ग खटला. बाई पंजाबात सुनामला शिक्षिका, नवरा दिल्लीला. तिनं नोकरी सोडून आलंच पाहिजे, असा त्याचा आग्रह. न्यायालयानं म्हटलं की संसार कुठं मांडायचा हे एकट्या नवऱ्यानं ठरवायचं असा कायदा नाही. जवळजवळ पन्नास वर्षं झाली या निकालाला. तुमच्या ओळखीतल्या किती घरांत तो पोचला?

उलट सरकार काय करतं पाहा. २०२४ साली 'लाडकी बहीण' योजना आली तेव्हा मी नालासोपाऱ्यात रोज अर्ज भरून देत होते. परराज्यात जन्मलेली बाई असेल तर महाराष्ट्रातल्या नवऱ्याचा जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला किंवा अधिवास प्रमाणपत्र चालेल, अशी सवलत मिळाली. कितीतरी जणींचे अर्ज त्यामुळं मार्गी लागले, त्याचा मला आनंदच आहे. पण अर्थ काय झाला? बाई कुठली, तर नवरा जिथला तिथली. आणि ज्या बाईला त्यानंच टाकलं, तिनं त्याचा दाखला कुठून आणायचा? अशा दोघी माझ्यासमोर खुर्चीवरून उठून गेल्या.

कौटुंबिक हिंसाचार कायद्यात मात्र, २००५ साली, कुणीतरी शहाणपणानं कलम २७ घातलं : बाई तात्पुरती जिथं राहते तिथंही अर्ज करू शकते. २०१९ साली सर्वोच्च न्यायालयानं ४९८-अच्या तक्रारीबाबतही तसंच म्हटलं, की छळामुळं बाई जिथं आश्रयाला गेली तिथं तक्रार होऊ शकते. शोभाला आम्ही हेच समजावलं. तिचा अर्ज तिच्या भावाच्या गावाहून, यवतमाळ जिल्ह्यातूनच झाला. बाई हलते, हे ओळखून लिहिलेले कायदे इतकेच मला सांगता येतात.

आणि आपण? आपल्या बैठकांत "ती नाही येत हल्ली, मिस्टरांची बदली झाली" हे वाक्य किती सहज येतं! हे वाक्य ऐकून आपण पुढच्या विषयाकडं वळतो. कार्यकर्ती तुरुंगात गेली तर आपण मोर्चा काढतो, बदलीत गेली तर तिला साडी देतो. निदान ती ज्या गावी चालली तिथल्या चार जणींचे नंबर तिच्या हातात द्यावेत, तिच्या कामाचा नीट तपशीलवार दाखला लिहून द्यावा, एवढंही आपल्याला सुचलेलं नाही. गोरेगावच्या बायकांना घेऊन मृणाल गोऱ्यांनी पाण्यासाठी लढे दिले, म्हणून तर लोक त्यांना पाणीवाली बाई म्हणायचे. १९७२ साली महागाईविरुद्ध लाटणी घेऊन बायका रस्त्यावर आल्या. त्यांतल्याही कितीतरी कुठून कुठून लग्न होऊन आलेल्या असणार. त्यांना कुणीतरी घरी जाऊन हाक मारली होती. आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टँकर न आल्याची तक्रार जोडलेल्या हातांच्या चित्रासह येते आणि खाली सतरा जणी तेच चित्र टाकतात. मी आता त्या सतरा जणींच्या दारावर जाऊ लागले आहे. नऊ जणी सभेला यायला तयार आहेत, भाडेकरू असोत की मालक. सभा संध्याकाळी ठेवा, ही पहिली मागणी.

मार्चमध्ये नवऱ्याच्या बदलीचं पुन्हा निघालं. या वेळी सुरत. मी म्हटलं, तू जा, मी आणि मुलगी इथंच राहू. मुलगी पाचवीत आहे, मला नालासोपाऱ्यातल्या वस्त्या आता कुठं कळायला लागल्यात. घरात आठ दिवस शांतता होती. सासूबाईंचा फोन आला, "त्याच्या जेवणाचं कसं होईल?" माझ्या आईचाही आला, तिनंही तेच विचारलं. तो शेवटी गेला. शनिवारी येतो. पाळणाघराच्या काकूंचा नंबर आता त्याच्याकडे आहे, शनिवारी त्याचा तो घेऊन येतो तिला.

भाडेकरार संपत आला म्हणून परवा एजंटकडे गेले. त्यानं जुना कागद समोर ठेवून टाइप करायला घेतलं आणि विचारलं, "मिस्टरांचं आधार आणलंय ना?"

"ते परगावी असतात. करार माझ्या नावानं करा."

"मग मालकांना विचारावं लागेल मॅडम."

"विचारा. मी बसते."